प्लास्टिकच्या पुनर्वापराचा विचार साच्यापासून सुरू व्हावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की येळ्ळूर, अनगोळ, वडगाव आणि शहापूरच्या शिवारात पाणी शिरते, आणि ओसरताना ते भाताच्या खाचरांत दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि फाटक्या कॅरीबॅगांचा थर सोडून जाते. शेतकऱ्यांच्या या हालांविषयी वृत्तपत्रांतून दरवर्षी लिहिले जाते. त्यानंतरची चर्चा मात्र बहुधा दोन मागण्यांपाशी थांबते : महापालिकेने नाल्याची सफाई करावी आणि नागरिकांनी कचरा उघड्यावर टाकू नये. दोन्ही मागण्या रास्तच आहेत. परंतु या थरातला बराचसा माल असा असतो की तो वेगळा करून, धुऊन, वाळवून भंगारवाल्याच्या दारात नेऊन ठेवला तरी तो घेणार नाही, कारण त्याचे पुढे काही करता येत नाही. असा माल मुळात बनवलाच का जातो, हा प्रश्न मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत साचे बनविण्याच्या आणि प्लास्टिकचे सुटे भाग काढण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे या विषयाकडे मी कारखान्याच्या बाजूने पाहतो. एखादी वस्तू वापरून झाल्यावर कच्चा माल म्हणून परत येणार की नाही, हे बहुतांशी तिचा साचा, तिचे मिश्रण, तिचा रंग आणि तिला चिकटवायचे लेबल ठरते त्याच दिवशी ठरून गेलेले असते. पुढे ग्राहकाने कितीही शिस्त पाळली आणि सफाई कामगारांनी कितीही मेहनत घेतली, तरी चुकीच्या रचनेची भरपाई होऊ शकत नाही.

ही गोष्ट बेळगावकरांना समजावून सांगण्यासाठी दूर जायला नको, कारण हे शहर फौंड्रीवाल्यांचे आहे. ओतकामाच्या कारखान्यात कास्टिंगपासून तोडलेले रनर-रायझर, म्हणजे ओतण्याच्या वाटांत गोठलेले जादा लोखंड, त्याच दिवशी परत भट्टीत जातात, खराब निघालेला जॉबही परत जातो, आणि बाहेरून आणलेली मोड (भंगार लोखंड) प्रतवारी करूनच भट्टीत घेतली जाते. क्रोमियम असलेले पोलाद नकळत मिसळले गेले तर कास्टिंग कडक होते आणि मशीनशॉपमध्ये टूल टिकत नाही, हे तिथला साधा कामगारही जाणतो. लोखंड शतकानुशतके फिरत राहिले ते या प्रतवारीच्या शिस्तीमुळे. प्लास्टिकच्या बाबतीत आपण ही शिस्त कधी लावलीच नाही, आणि मग ते फिरत नाही म्हणून हळहळतो.

प्लास्टिक हा एकच पदार्थ आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात पाण्याच्या बाटलीचे पीईटी, बादलीचे पॉलिप्रॉपिलिन, दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन, नळाच्या पाइपचे पीव्हीसी आणि थर्मोकोलचे पॉलिस्टायरीन हे एकमेकांत न मिसळणारे वेगवेगळे पदार्थ आहेत. पॉलिथिन साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलिन १६० अंशांच्या आसपास, तर पीईटीला सुमारे २५० अंश लागतात. पीईटीच्या चुऱ्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी राहिले, तरी त्या उष्णतेला पीव्हीसी जळू लागते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, सगळा माल पिवळा-काळा पडतो आणि यंत्राचा स्क्रूही गंजतो. शिवाय हे दोन्ही पदार्थ पाण्यात बुडणारे असल्यामुळे पाण्याच्या टाकीत टाकून ते वेगळे करता येत नाहीत. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेले १ ते ७ हे आकडे अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ठरवले, ते पदार्थ ओळखता यावा एवढ्यासाठीच. त्या त्रिकोणाचा अर्थ ‘हे पुन्हा वापरले जाईल’ असा अनेकजण घेतात. तशी कोणतीही हमी त्यात नाही.

आपल्याकडे ही ओळख पटवतात ती भंगाराच्या वखारीत बसलेली माणसे, आणि त्यांचे कसब पाहण्यासारखे आहे. पिशवी मुठीत चुरगाळून ती कुरकुरली तर ‘एचएम’ (जास्त घनतेचे पॉलिथिन), आवाज न करता दबली तर ‘एलडी’ (कमी घनतेचे), असे न पाहता सांगणाऱ्या स्त्रिया तिथे असतात. शंका आली की तुकड्याची कड काडीने पेटवली जाते. मेणबत्तीसारखा वास आला आणि थेंब गळू लागले तर पॉलिथिन. काजळीचे दाट काळे धागे उडाले तर पॉलिस्टायरीन. नाक चुरचुरले आणि काडी बाजूला करताच तुकडा विझला तर पीव्हीसी. तो उग्र वास म्हणजे वर सांगितलेले आम्लच असते, आणि ते दिवसभर त्यांच्या छातीत जात असते. उत्पादकाने वस्तूवर पदार्थाचे नाव ठळक आणि खरे छापले असते, तर यांतील निम्म्याहून अधिक काड्या पेटवाव्या लागल्या नसत्या. हा खर्च जवळजवळ शून्य आहे, साच्यात चार अक्षरे कोरण्याइतका, आणि तरीही बाजारातील असंख्य डबे, झाकणे, तबके आणि खेळणी कोऱ्या तळाची येतात.

चांगली रचना म्हणजे काय, हे पाहायचे तर साधी पाण्याची बाटली हातात घ्यावी. तिचे अंग पीईटीचे, झाकण पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. दोन वेगळे पदार्थ असूनही ही जोडी जमते, कारण बाटली चिरडून तिचा चुरा पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि अंगाचे तुकडे तळाला जातात. आता याच बाटलीला कोणी पीव्हीसीचे लेबल आवळून बसवले, किंवा पाण्याने न सुटणारा गोंद वापरला, किंवा बाटलीला गडद हिरवा-निळा रंग दिला, तर चांगल्या मालाचे हलक्या मालात रूपांतर झालेच म्हणून समजावे. पारदर्शक चुऱ्यापासून पुन्हा बाटली होऊ शकते किंवा हवा तो रंग देता येतो. रंगीत चुऱ्याला मात्र गडद धागा किंवा काळ्या पट्ट्या यांखेरीज फारशी वाट उरत नाही. जपानमधील उत्पादकांनी हे ओळखून २००१ मध्ये आपल्या नियमावलीत पेयाच्या बाटल्यांना रंग देणे बंद केले. स्प्राइटने आपली अनेक वर्षांची हिरवी बाटली अमेरिकेत २०२२ पासून सोडून पारदर्शक केली, त्यामागे हेच कारण होते. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून बाटलीचे झाकण उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेले राहिले पाहिजे असा नियम लागू केला, कारण समुद्रकिनाऱ्यांवर सुटी झाकणे फार सापडत होती. यांतील एकाही बदलासाठी नवे विज्ञान लागले नाही. साच्यात आणि खरेदीच्या अटींत फेरफार करावा लागला, इतकेच.

सीमाभागातील आपल्या घरांत रोज येणारी दुधाची पिशवी हेही एक चांगले उदाहरण आहे. कोणाकडे नंदिनीचे दूध येते, कोणाकडे गोकुळचे. दोन राज्यांच्या दोन संघांच्या पिशव्या एकाच घराच्या डब्यात पडतात. ही पिशवी पॉलिथिनचीच असते, त्यामुळे धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांना भंगारात मऊ प्लास्टिकमधला चांगला भाव मिळतो. अडचण एका कोपऱ्याची आहे. बहुतेक घरांत पिशवीचा कोपरा कात्रीने पूर्ण कापून टाकला जातो, आणि नखाएवढा तो तुकडा कोणीही वेचू शकत नाही. तो मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात जातो. कोपरा अर्धाच कापावा, तो पिशवीला लटकत राहू द्यावा, ही सवय तर आपण लावून घ्यावीच. परंतु हीच गोष्ट दूध संघांना पिशवीवर कापण्याची रेघ छापून आणि चार शब्दांची सूचना देऊन एका दिवसात लाखो घरांत पोहोचवता येईल. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या प्लास्टिकविषयक अधिसूचनेनंतर दुधाच्या पिशव्या परत घेण्याची भाषा केली होती. ती योजना प्रत्यक्षात नीट रुजली नाही. सहकारी दूध संघांचे वितरणाचे जाळे गावागावांत आहे, गाडी रोज सकाळी येते आणि रिकामी परत जाते. त्या परतीच्या फेरीत पिशव्यांची पोती गेली तर वेगळ्या वाहतुकीचा खर्चही पडणार नाही. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही बाजूंच्या संघांनी यावर विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याच्या अगदी उलट टोकाला वेफर्स, शांपू, मसाला आणि तंबाखूच्या पुड्या आहेत. वरून कागदासारखे दिसणारे हे पाकीट आतून दोन-तीन वेगळ्या पदार्थांचे असते : छपाईसाठी एक थर, हवा आणि ओल अडवण्यासाठी ॲल्युमिनियमची अतिसूक्ष्म वाफ दिलेला दुसरा, आणि उष्णतेने तोंड बंद करण्यासाठी पॉलिथिनचा तिसरा. हे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की ते किफायतशीरपणे सोडवता येत नाहीत. वजन नगण्य, भाव शून्य, म्हणून कोणी उचलत नाही. केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास स्पष्ट मनाई केली आहे. निपाणी हे तंबाखूचे नामांकित केंद्र आहे आणि तेथील शेतकरी व व्यापारी यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही निपाणी-चिक्कोडी रस्त्याच्या कडेला या पुड्यांचा जो खच दिसतो तो पाहता हा नियम कोणी वाचला तरी आहे का, असे विचारावेसे वाटते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांसाठी आता केवळ पॉलिथिनचे किंवा केवळ पॉलिप्रॉपिलिनचे थर वापरून, हवा अडवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचे प्रमाण अगदी कमी ठेवून, पुन्हा वितळवता येणारी वेष्टणे बनवता येतात. ती थोडी महाग पडतात. कायद्याने सर्वांनाच ती अट लागू केली तर हा फरक स्पर्धेत उरणार नाही.

अशी पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळणे किंवा डांबरात मिसळून रस्ते करणे हे मार्ग सांगितले जातात. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांना प्लास्टिकच्या रस्त्यांच्या संशोधनासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि साचलेल्या कचऱ्याचा निकाल लावण्यासाठी त्यांचे काम मोलाचेच आहे. परंतु रस्त्यात किंवा भट्टीत गेलेले प्लास्टिक पुन्हा प्लास्टिक म्हणून येत नाही, त्यामुळे नव्या पाकिटासाठी पुन्हा नवे खनिज तेलच लागते. याला पुनर्चक्रण म्हणणे योग्य नाही.

आकडे पाहिले तर परिस्थिती स्पष्ट होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आज सर्वत्र उद्धृत होणाऱ्या जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यापैकी सुमारे ६३० कोटी टन कचरा झाले आणि त्या कचऱ्यातील फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आले. १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले ७९ टक्के जमिनीत, नद्यांत आणि समुद्रात साठले. आपल्या देशात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जो माल बाजारात आणतो त्यानेच तो परत मिळवण्याची आणि पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे सूत्र आहे. त्यांत कडक प्लास्टिकच्या वेष्टणात पुनर्चक्रित मालाचे प्रमाण २०२५-२६ मध्ये ३० टक्क्यांपासून २०२८-२९ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत नेण्याचे टप्पे आहेत. लवचीक वेष्टणासाठी ते १० पासून २० टक्के आणि बहुस्तरीय पाकिटांसाठी ५ पासून १० टक्के आहे. माझ्या मते या संपूर्ण कायद्यातील ही सर्वांत उपयोगी तरतूद आहे, कारण पुनर्चक्रित दाण्याला (जुने प्लास्टिक वितळवून केलेल्या कच्च्या मालाला) खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले तरच वेचणाऱ्याच्या हातात भाव पडतो. आज तेलाचे दर उतरले की नवा दाणा स्वस्त होतो, जुन्या दाण्याची मागणी कोसळते आणि वखारीत पोती पडून राहतात.

मात्र या व्यवस्थेला पहिल्याच फटक्यात लबाडीची कीड लागली, हे सांगितले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही पुनर्चक्रण कंपन्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे आढळले. प्रत्यक्षात वितळवलेच नाही अशा प्लास्टिकचे हे दाखले होते. प्रमाणपत्र कागदावर फिरते आणि माल तुरमुरीच्या कचरा डेपोत जातो, असे होऊ द्यायचे नसेल तर जिल्ह्यातील कोणत्या केंद्राने किती टन माल कोणाकडून घेतला आणि कोणाला विकला, हे महापालिकेने दर तिमाहीस जाहीर करावे. तुरमुरीच्या ग्रामस्थांनी अनेक वर्षे शहराचा कचरा आपल्या उशाशी सोसला आहे. त्यांना हा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार आहे.

सीमेचा मुद्दाही इथेच येतो. कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेने कोणत्याही जाडीच्या कॅरीबॅग, प्लास्टिकची ताटे-पेले, चमचे आणि फ्लेक्स यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी आपली बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. इतक्या बंद्या असूनही आठवडी बाजारात पातळ पिशवी सहज मिळते. निपाणीच्या पलीकडे कागल आणि खानापूरच्या पलीकडे गोवा. या रस्त्यांनी रोज जो माल जातो-येतो त्यावर एका राज्याच्या अधिकाऱ्याने छापा टाकून भागत नाही. कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणांनी एकत्र बसून पिशव्या बनवणाऱ्या यंत्रांपर्यंत पोहोचावे. भाजी विकणाऱ्या म्हातारीच्या पाटीतील चार पिशव्या जप्त करून दंड करणे सोपे असते, आणि त्यामुळेच कारवाई तिथे होते, याचे मला फार वाईट वाटते.

शेतातील प्लास्टिकबद्दल बोलले जात नाही, परंतु आपल्या जिल्ह्यात त्याचे प्रमाण वाढते आहे. उसाच्या ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात आणि त्यांना भंगारात गिऱ्हाईक आहे. मिरची, टोमॅटो, कलिंगडाखाली अंथरायचा मल्चिंग पेपर (नावाला कागद, पण असतो प्लास्टिकचा) मात्र हंगाम संपेपर्यंत उन्हाने ठिसूळ होतो, उचलताना फाटतो, आणि जो हाती येतो त्याला इतकी माती चिकटलेली असते की धुण्याचा खर्चच मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मग तो बांधावर पेटवला जातो किंवा नांगराखाली गाडला जातो. चीनमध्ये हा प्रश्न एवढा वाढला की तेथील सरकारने पातळ कागदावर बंदी घालून किमान जाडी ०.००८ वरून ०.०१ मिलिमीटर केली. जाड कागद अखंड गोळा करता येतो, हे त्यामागचे साधे गणित. आपल्याकडे अनुदान देताना कृषी खात्याने जाडीची अट काटेकोर पाळावी आणि विक्रेत्याने हंगामाअखेर कागद परत घ्यावा, अशी अट अनुदानालाच जोडावी.

‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्यांविषयी थोडक्यात सावध करतो. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना साधारण ५८ अंशांचे तापमान सतत राखणारे मोठे खत प्रकल्प लागतात. परसातल्या उकिरड्यात किंवा नाल्यात त्या साध्या पिशवीसारख्याच पडून राहतात, आणि पॉलिथिनच्या मालात मिसळल्या तर तोही बिघडवतात.

आता माणसांविषयी. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे कचरावेचक स्त्रियांच्या सहकारी संस्थेने घरोघरी संकलनाचे काम हाती घेतले. बंगळूरमध्ये महापालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रे दिली आणि सुक्या कचऱ्याची प्रभागनिहाय केंद्रे त्यांच्यापैकी अनेकांकडे सोपवली. उडुपी जिल्ह्यातील निट्टे येथे अनेक ग्रामपंचायतींचा सुका कचरा एकत्र आणून वेगळा करणारे केंद्र चालते. म्हणजे नमुना शोधायला राज्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. बेळगाव महापालिकेचे ५८ प्रभाग आहेत. प्रत्येकात नाही तरी आठ-दहा प्रभागांमागे एक असे छत असलेले, पाणी आणि वजनकाटा असलेले केंद्र उभारावे, तिथे हाताने निवडण्यासाठी पट्टा आणि गठ्ठे बांधण्याचे यंत्र असावे, आणि तिथे आज रस्त्यावर वेचणाऱ्यांनाच नियमित वेतनावर घ्यावे. ग्रामीण भागात स्त्रियांच्या बचत गटांकडे सुक्या कचऱ्याच्या गाड्या आणि शेड दिल्या गेल्या आहेत. खानापूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांतून गोळा होणारा थोडाथोडा माल त्या शेडमध्ये अडकून पडतो, कारण एक टेम्पो भरेल इतका तो होत नाही. तो महिन्यातून एकदा तालुक्याच्या केंद्रावर नेण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरले पाहिजे. आणि ओला-सुका वेगळा करण्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापाव्यात. ज्या गृहिणीने हे काम करायचे आहे तिला ते तिच्या भाषेत सांगितले तर गोष्ट सोपी होते. यात वादाला जागा नाही.

माझी सर्वांत मोठी अपेक्षा मात्र उद्यमबाग आणि मच्छे येथील माझ्या व्यवसायबंधूंकडून आहे. साचा बनवायला देणारे गिऱ्हाईक नक्षी आणि दर सांगते. पदार्थाचे नाव कोरावे का, दोन वेगळ्या प्लास्टिकचे भाग चिकटवण्याऐवजी खटक्याने बसवावेत का, धातूची स्प्रिंग टाळता येईल का, काळ्या मास्टरबॅचऐवजी (रंग देणाऱ्या दाण्याऐवजी) नैसर्गिक रंगाचा दाणा चालेल का, हे ते विचारत नाही. आपण त्याला विचारले पाहिजे. माझा अनुभव असा की अर्ध्या वेळा गिऱ्हाईक लगेच मान्य करते, कारण त्याने याचा विचारच केलेला नसतो. बाजार समितीच्या आवारातील भाजीचे क्रेट पाहावेत : एकाच पदार्थाचे, एकावर एक बसणारे, कान तुटला तरी वापरता येणारे, आणि अगदीच मोडले की दळून पुन्हा क्रेट होणारे. असे क्रेट बनवणाऱ्या हातांना हॉटेलच्या पार्सलसाठी परत करता येणारा डबा बनवणे अवघड नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दरवर्षी एखादी स्थानिक वस्तू घेऊन तिची पुनर्चक्रणास योग्य अशी रचना करावी आणि ती येथील कारखान्यांत करून पाहावी, अशी योजना विद्यापीठाने आखली तर आमच्यासारखे अनेकजण यंत्रे मोकळी करून देतील. मी स्वतः त्यासाठी वेळ देण्यास तयार आहे.

शेवटची सूचना यात्रांविषयी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्का देवीच्या यात्रेला कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतून लाखो भाविक येतात, आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग मागे राहतात. केदारनाथच्या यात्रेत २०२२ पासून बाटलीवर दहा रुपये अनामत घेऊन, रिकामी बाटली परत दिली की ते पैसे परत देण्याची पद्धत सुरू झाली. तामिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात त्याच वर्षी दारूच्या बाटल्यांसाठी दहा रुपयांची अशीच अनामत लागू झाली आणि बाटल्या जंगलात पडणे घटले. शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. आपल्याकडे सोड्याची काचेची बाटली दुकानात परत देण्याची रीत होतीच, त्यामुळे लोकांना हे नवे वाटणार नाही. यात्रेचे क्षेत्र मर्यादित असते, दुकाने परवाना घेऊनच लागतात, आणि देवस्थान समितीची यंत्रणा तिथे हजर असते. प्रयोगासाठी याहून सोयीची जागा नाही. जिल्हाधिकारी आणि दोन्ही देवस्थान समित्यांनी येत्या माघ पौर्णिमेच्या यात्रेपूर्वी व्यापाऱ्यांची बैठक घेऊन दहा रुपयांच्या अनामतीचा ठराव करावा, परत आलेल्या बाटल्यांचे वजन रोज फलकावर लावावे, आणि त्या विक्रीची रक्कम डोंगरावर व घाटावर सफाई करणाऱ्या कामगारांमध्ये वाटावी.

कळावे,

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव